डॉक्टरांच्या गाडीचा सेल्फ

सकाळचे नऊ वाजले हे कळायला पूर्णेच्या आमच्या पेठेत कोणाला घड्याळ लागत नसे. डॉक्टर काळा चष्मा लावून गाडीत बसत, आणि बाई हँडल घेऊन दवाखान्याच्या ओट्यावरून खाली उतरत. पदर कमरेला खोचलेला, हँडलच्या मुठीला जुन्या टॉवेलचा तुकडा गुंडाळलेला. गाडीच्या नाकासमोर त्या वाकत, हँडल भोकात बसवत आणि विचारत, "न्यूटल हाय का?" आतून डॉक्टर म्हणत, "हाय." मग दोन झटके कोरडे, तिसरा खरा, आणि गाडी अंग झाडून सुरू होई. समोरच्या हॉटेलातले लोक तोवर बशीतला चहा तसाच हातात धरून बसत. तिसऱ्या झटक्याला गाडी लागली नाही असं मी चार वर्षांत दोनदाच पाहिलं, आणि दोन्ही वेळा टाकीत पेट्रोल नव्हतं.

डॉक्टरांच्या या बायकोला गावात सगळे 'सेल्फ' म्हणत. तोंडावर बाई, पाठ वळली की सेल्फ.

ज्यांच्या गाड्या आता बटण दाबलं की सुरू होतात त्यांना हे सांगायला हवं. ड्रायव्हरनं बसल्या जागी इंजिन सुरू करावं म्हणून गाडीत जी विजेची मोटार असते, तिला सेल्फ म्हणत. तो बिघडला की कोणीतरी पुढं उभं राहून लोखंडी हँडलनं इंजिन हातानं फिरवायचं. आमच्या भागात या शब्दांना परकं कोणी मानलंच नाही. मागच्या पेटीला डिकी, जादा चाकाला स्टेपनी, समोरच्याच्या डोळ्यांवरून उजेड खाली घेणं म्हणजे डीपर मारणं. ज्यांना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं तेही स्टेपनीला स्टेपनीच म्हणत. माझी आई घरातल्या जास्तीच्या पाटीला स्टेपनी म्हणायची, आणि ती बिचारी आयुष्यात कधी मोटारीत बसली नव्हती.

बाईंना मात्र हे शब्द बाळपणापासूनचे. त्यांच्या वडिलांचा हैदराबादेत मोटारी दुरुस्तीचा कारखाना होता. ती काळी गाडीसुद्धा त्यांच्याच माहेरची, लग्नात जावयाला दिलेली. दिली तेव्हा सेल्फ चालू होता. लग्नाआधी कारखान्याच्या आवारात बाईंनी गाड्या पुढंमागं केल्या होत्या, फाटकाबाहेर मात्र एकही काढली नव्हती. लग्न होऊन पूर्णेला आल्या, सेल्फ बिघडला, आणि गाडीपुढं उभं राहायचं काम त्यांच्याकडं आलं ते नऊ वर्षं राहिलं.

आता कबूल करतो. हे नाव त्यांना मी दिलं.

मी तिथं कंपाउंडर होतो. चुडाव्याजवळच्या आमच्या खेड्यातून सकाळच्या पॅसेंजरनं यायचो, संध्याकाळच्या गाडीनं जायचो. आम्ही छप्पन्न सालानंतरचे बौद्ध. माझ्या हातानं ढवळलेलं मिक्श्चर सगळं गाव पीत होतं, पण मला चहा यायचा तो दांडी तुटलेल्या कपातून. तो कप परसातल्या देवळीत पालथा असे. मी प्यायचा, मी विसळायचा, मीच पालथा घालायचा. बाई वरून चहा ओतत, एक थेंब इकडेतिकडे उडू देत नसत. नेम पक्का होता त्यांचा. तोंडातून त्या कधी काही बोलल्या नाहीत, आणि तेच मला लागे. एक दिवस हॉटेलात कोणीतरी विचारलं, डॉक्टरांच्या गाडीला सेल्फ न्हाई का? मी म्हणालो, "हाय की. लुगडं नेसून येतो रोज." लोक इतके हसले की दोघांच्या हातांतला चहा सांडला. दुसऱ्या दिवशी ते नाव पेठभर झालं होतं, आणि मला आठवडाभर त्या कपातला चहा गोड लागला.

माणसांना गाडीचे शब्द लावायची खोड मुळात बाईंचीच. ओट्यावर बसून त्या येणाऱ्याजाणाऱ्याचा निकाल लावत. तावातावानं भाषण करणारे एक गुरुजी होते, त्यांच्याबद्दल म्हणत, "रेस लय, गाडी जागेवर." सासरहून रडत आलेल्या एका पोरीला तिची आई गदागदा हलवून विचारत होती, तेव्हा बाई म्हणाल्या, "चोक जास्ती झालाय तिला, पेट्रोल तुंबलंय. जरा दम खाऊ द्या, मग लागंल आपोआप." खरंच, पाण्याचा तांब्या रिकामा करून पोर बोलायला लागली. मला म्हणाल्या होत्या, "कंपाउंडर, तुझा हॉर्न चांगला हाय. गाडी कधी दिसली न्हाई." नवऱ्याबद्दल एकदाच बोलल्या, तेही मला ऐकू जाईल एवढंच. "ह्यांना रिव्हर्स न्हाई."

खरोखरच नव्हता. डॉक्टर वाईट वैद्य नव्हते, पण एकदा बोलले की ब्रह्मदेव आला तरी शब्द मागं घेत नसत. गाडीतही तीच घाई. क्लच दाबून गियर आधीच टाकून ठेवायचा, म्हणजे इंजिन लागल्याबरोबर निघता येतं, ही त्यांची सवय. बाईंना तिची धास्ती. हँडल मारणारा गाडीच्या पुढ्यात वाकलेला असतो, आणि क्लचवरचा पाय सुटला की गाडी थेट त्याच्या अंगावर येते. हँडब्रेक नावालाच होता, गाडी थांबायची ती मागच्या चाकाखाली लावलेल्या दगडावर. म्हणून रोजचं ते विचारणं. गियर काढलेला आहे ना, न्यूटल आहे ना, एवढाच त्याचा अर्थ.

एक दिवस दवाखाना पेशंटांनी भरलेला असताना बाई आत आल्या आणि सरळ म्हणाल्या, मला गाडी शिकवा. निदान एकदा रस्त्यावर चालवू द्या, गाडी माझ्या बाबांची हाय. मला वाटतं, सगळ्यांसमोर विचारलं तर डॉक्टरांना नाही म्हणणं जड जाईल असा त्यांचा हिशेब असावा. डॉक्टर नाडी धरल्या हातानंच हसले. "तू आत बसलीस तर हँडल कोण मारंल?" म्हणाले. पेशंटही हसले. आजारी माणसाला डॉक्टरांबरोबर हसावंच लागतं. बाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "गाडी पुढूनच समजती, कंपाउंडर. आत बसणाराला नुसता रस्ता दिसतो." पण त्यांना रस्ताच बघायचा होता, हे त्या दिवशी मला कळलं. कळून मी काय केलं? संध्याकाळी हॉटेलात सांगितलं.

दुष्काळाच्या पुढच्या वर्षीची थंडी असेल. चुडाव्याकडच्या एका मोठ्या जमीनदाराच्या घरून निरोप आला होता, डॉक्टर घाईत होते. बाईंनी विचारलं, "न्यूटल हाय का?" डॉक्टर म्हणाले, "हाय." त्यांनी क्लच दाबून गियर टाकलेला होता. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं, नेमका रस्त्यावरून कोणीतरी नमस्कार घातला, डॉक्टर तिकडे वळले आणि पाय सुटला. गाडीनं उडी घेतली. बाईंचा डावा गुडघा बंपर आणि ओट्याच्या दगडात सापडला.

मी धावलो. डॉक्टरही उतरले, पण त्यांची नजर आधी गाडीच्या जाळीवर गेली. रेडिएटर फुटला नाही याची खात्री झाल्यावर ते खाली बसले. तेवढ्यात हॉटेलातून कोणीतरी म्हणालं, "सेल्फ जळाला वाटतं." लोक हसले. मी बाईंचं डोकं मांडीवर घेतलेलं होतं, आणि मीही हसलो. मोठ्यानं नाही, पण मांडी हलली. बाईंनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटले.

परभणीला न्यावं असं मी म्हणालो. डॉक्टर म्हणाले, घरात डॉक्टर असताना लोक काय म्हणतील? त्यांनी स्वतः प्लास्टर घातलं. दीड महिन्यानं मीच ते कापलं. गुडघा वाकेना. बाईंनी खाटेवरून पाय खाली सोडला आणि फरशीवर पाऊल दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं. मला वाटलं उभं राहायचा प्रयत्न असेल. मग म्हणाल्या, "ह्या पायानं क्लच दबायचा न्हाई." डॉक्टर हात धूत होते. त्यांना ऐकू आलं की नाही, माहीत नाही.

त्या दीड महिन्यात गाडी धक्क्यावर चालली. पहिले काही दिवस लोकांनी हौसेनं ढकलली, मग नऊ वाजले की हॉटेल रिकामं होऊ लागलं. शेवटी हँडल माझ्या हातात आलं. बाई खिडकीशी खाटेवर बसून बघत होत्या. मी मूठ घट्ट आवळली, फावड्याच्या दांड्याला धरतो तशी, आणि जोर लावला. हँडलनं उलटा तडाखा दिला. अंगठ्यात असा आवाज झाला की तो आधी कानाला कळला आणि मग हाताला. मी खाली बसलो तेव्हा खिडकीतून बाई शांतपणे म्हणाल्या, "अंगठा बोटांच्या बाजूला ठेवायचा असतो. उलटं फिरलं तर मूठ आपोआप सुटती."

मी विचारलं, "बाई, आधी का न्हाई सांगितलं?"

"सेल्फ कुठं बोलतो का, कंपाउंडर?"

त्यांना माहीत होतं. कधीपासून माहीत होतं, कोणी सांगितलं, हे मी आजवर शोधू शकलो नाही. माझा अंगठा डॉक्टरांनीच बांधला, आणि तोही वाकडाच बसला.

आता पुढं डॉक्टरांनाच उभं राहावं लागणार होतं, आणि आत चोक धरायला, अॅक्सिलेटर द्यायला कोणीतरी हवं. मी बसतो म्हणालो. डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मुकाट्यानं ओट्यावर परत आलो. मग त्यांनी बाईंना हात धरून आणलं आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. ताठ पाय त्यांनी तिरका करून कसाबसा आत घेतला. वडिलांनी ही गाडी दिल्यापासून त्या जागेवर त्या पहिल्यांदा बसल्या होत्या.

डॉक्टरांनी हँडल बसवलं, वाकले, आणि थांबले. मग म्हणाले, "न्यूटल हाय का?"

बाईंचे दोन्ही हात चाकावर होते. त्या समोर बघत होत्या. उत्तर नाही. डॉक्टरांनी परत विचारलं. उत्तर नाही. हॉटेलातली कपबश्यांची खणखण बंद पडली. तिसऱ्यांदा विचारताना डॉक्टरांचा आवाज बारीक झाला होता. "अगं, हाय का न्हाई?" त्यांनी हँडल सोडलं आणि गटाराच्या कडेला सरकून उभे राहिले. तेव्हा बाई म्हणाल्या, "येऊन बघा."

डॉक्टर वळसा घालून आले, काचेतून वाकून पाहिलं. गियर काढलेलाच होता. त्यांनी हँडल उपसून डिकीत टाकलं आणि टांग्यानं व्हिजिटला गेले. बाई मात्र बराच वेळ तिथंच बसून राहिल्या. मी ओट्यावरून बघत होतो. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

दुसऱ्याच दिवशी नांदेडहून मिस्त्री आला. त्यानं सेल्फ खोलला, आतले दोन कार्बन झिजले होते, बोटाच्या पेराएवढे तुकडे. ते बदलले, अर्ध्या तासात सेल्फ चालू. मिस्त्री भोळा होता. बाईंनी दिलेला चहा पिता पिता म्हणाला, मी तर साहेबांना मागंच सांगितलं होतं, दोन-तीन वर्षं झाली असतील. डॉक्टर म्हणाले, "हँडलनं चाललं होतं की काम." बाईंनी मिस्त्रीच्या हातातला कप घेतला, त्यात अजून चहा होता, आणि त्या लंगडत आत गेल्या. नवऱ्यानं छळलं, मारलं, उपाशी ठेवलं अशा बायका मी पुष्कळ पाहिल्या. दोन झिजलेल्या तुकड्यांपायी गुडघा गेलेली हीच एक पाहिली.

पुढं महिन्याभरानं डॉक्टर दोन दिवसांसाठी हैदराबादला गेले. दुसऱ्या दिवशी आठवड्याचा बाजार होता, तो गावाबाहेर भरे, म्हणून दुपारी पेठ ओस. बाईंनी मला बोलावलं. किल्ली त्यांच्या हातात होती. म्हणाल्या, "कंपाउंडर, चल. क्लच तू दाब."

मला आधी समजलंच नाही. त्या गाडीची पुढची बैठक सलग होती. बाई चाकामागं बसल्या, मी त्यांच्या डाव्या बाजूला, आणि माझा उजवा पाय लांब करून मी क्लचवर ठेवला. माझं धोतर त्यांच्या लुगड्याला लागलं. मी अंग चोरलं. बाई म्हणाल्या, "नीट बस, पाय पुरायचा न्हाई." मग सेल्फ मारला. नुसती किल्ली फिरवली, बटण दाबलं, आणि गाडी लागली. बाईंनी क्षणभर डोळे मिटले.

"दाब." मी दाबला. त्यांनी गियर टाकला. "सोड. हळू, हळू." गाडी दगडावरून सुटून निघाली. सुरुवातीला दोनदा बंद पडली, दोष माझ्या पायाचा. मग आमचं जमलं. गाव मागं पडलं, चुडाव्याच्या रस्त्याला दोन्हीकडं ज्वारी उभी होती. त्यांनी पदर डोक्यावरून घट्ट घेतला होता. वाटेत भेटलेल्या गाडीवानांनी डॉक्टर समजून रामराम केले. बाईंच्या तोंडी फक्त "दाब" आणि "सोड". एका ठिकाणी सरळ रस्ता आला तेव्हा त्या इतका वेळ काहीच म्हणाल्या नाहीत की मी वळून बघितलं. त्यांच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. मला त्या वेळी बाईंची किती माया वाटली ते मला अजून सांगता येत नाही. माझा वाकडा अंगठा आणि त्यांचा ताठ गुडघा, दोघांचे मिळून चार पाय, आणि गाडी नीट चालली होती.

परत आलो. दगड चाकाखाली लावला. बाई म्हणाल्या, "कोणाला सांगू नको. पुढच्या खेपेला ते गेले की पालमपर्यंत जाऊ." मी म्हणालो, "न्हाई सांगत, बाई."

मग त्या आत गेल्या आणि चहा केला. माझा चहा आला तो त्याच दांडी तुटलेल्या कपातून, वरून ओतलेला.

मी प्यालो, कप विसळला, पालथा घातला. पॅसेंजरला वेळ होता म्हणून हॉटेलात गेलो. लोक बाजारातून परतत होते. मी म्हणालो, "आपला सेल्फ आता गाडी चालवायलाय. मी सोबत होतो." पोटातलं ओठावर यायला एवढा एक कप पुरला. लोक खूप हसले. पूर्वी एवढं हसले की मला बरं वाटायचं. त्या दिवशी मात्र मी गाडीच्या आधी अर्धा तास स्टेशनावर जाऊन बसलो.

डॉक्टर परत आले तेव्हा स्टेशनापासून दवाखान्यापर्यंतच त्यांना ते चौघांनी सांगितलं असावं. ते बाईंना रागावले नाहीत, मलाही काढलं नाही. फक्त म्हणाले, "लोक हसायलेत." आठ दिवसांत गाडी विकली. नांदेडचा कोणी कंत्राटदार आला, ड्रायव्हरच्या जागेवर बसला, बटण दाबलं, पहिल्याच दमाला गाडी लागली. बाई खिडकीत होत्या. गाडी कोपऱ्यावर दिसेनाशी झाली तरी त्या आवाज ऐकत राहिल्या. हँडल तेवढं घरात राहिलं. सेल्फ चालू असलेल्या गाडीला ते कशाला लागतंय, असं कंत्राटदार म्हणाला होता. बाई ते खाटेशी ठेवत आणि कोणाला हाक मारायची तर त्यानं खिडकीचा गज वाजवत. मला मात्र त्यानंतर त्यांनी कधी हाक मारली नाही. काम असलं की गज वाजे.

वर्षभरानं मला पालमच्या सरकारी दवाखान्यात नोकरी लागली. निरोप घ्यायला आत गेलो. बाई खिडकीशी होत्या, पाय समोर लांब केलेला. त्यांनी चहा ठेवला. मी देवळीतून माझा कप आणला, त्यांनी वरून ओतला. नेम आता थोडा चुकला, दोन थेंब माझ्या अंगठ्यावर पडले. त्या अंगठ्याकडे बघून म्हणाल्या, "दुखतो का?"

"थंडीत दुखतो."

"दुखंल. गुडघा पण दुखतो." मग आम्ही दोघांनीही रस्त्याकडे पाहिलं. गाडीची जागा रिकामी होती, दगड तेवढा तिथंच होता. मी चार वर्षं न बोललेलं कसंबसं बोललो. म्हणालो, "बाई, माझी चूक झाली."

बाईंनी मान वळवली. "कोणती?"

त्यांना खरंच विचारायचं होतं. ते नाव, की गुडघा फुटला तेव्हाचं हसणं, की हॉटेलातलं शेवटचं बोलणं. मला तिन्ही आठवत होत्या, आणि एकही तोंडातून निघेना. मी कप विसळून देवळीत पालथा घातला आणि एस.टी.ची वेळ झाली असं सांगून निघालो. पालमची गाडी सुटायला अजून तासभर होता.